शंख वाजला की टेकायचं

प्रिय लॅकलन,

तुझं पत्र पोचलं. उत्तर तुला पहिल्याच ओळीत हवं असणार, कारण तू पत्रंसुद्धा उभ्याउभ्या वाचतोस. तर आधी कुठेतरी टेक. चिलीच्या बोटीवर तू दोन जागा धरल्या आहेस आणि महिनाअखेरपर्यंत मी हो म्हटलं नाही तर एक सोडावी लागेल, हे मी नीट वाचलंय. उत्तर याच पत्रात आहे, फक्त ते माझ्या चालीने येईल.

सेफिना आजी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझी आठवण ती अजून काढते, पण तू समजतोस तशी नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की सामोआत अख्खं गाव जागच्या जागी थांबतं, आणि आपण तिच्या घरी उतरायला आलो त्याच संध्याकाळी तू पाठीवर बोजा घेऊन भर रस्त्यातून तरातरा चालला होतास. पहाऱ्यावरच्या गड्यांनी अडवलं, तर तू त्यांना घड्याळ दाखवलंस. परवा चटई विणताना आजी म्हणाली, "देवाला घड्याळ दाखवणारा तो पोरगा, पोचला का गं कुठे एकदाचा?" बाया हसून हसून आडव्या झाल्या. मीही हसले, मग जरा वाईट वाटलं.

तू पुढे निघालास तेव्हा मी तापाने पडले होते. ताप उतरला की मागोमाग येते म्हणाले होते. ताप उतरला, पण आजीने तोवर मला चटईच्या कोपऱ्यावर बसवलं होतं. नातीच्या लग्नाची चटई, केवड्याच्या पाती दोऱ्यासारख्या बारीक चिरून विणलेली. पहिल्या दिवशी मी झपाझप हातभर विणलं आणि शाबासकीची वाट पाहत बसले. आजीने त्यावरून बोट फिरवलं आणि सगळं उसवलं. "ही लग्नात द्यायची आहे बाई, हिला फेरीबोट नाही पकडायची." मला इतका राग आला की मी जेवले नाही. दुसऱ्यांदाही उसवलं, तिसऱ्यांदाही. मग केव्हातरी तिने उसवणं थांबवलं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. त्या वेळी मी शेजारणीच्या सुनेची कागाळी ऐकण्यात गुंग होते.

माझ्या पायाची भिंगरी सुटली असं मात्र समजू नकोस. विमान गेलं की मी अजून दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभी राहते. तुझं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बर्फ, तुझं खिदळणं, नकाशावर आपण दोघं वाकलेलो, सगळं डोळ्यांपुढे आलं. मंगळवारी मी बॅग भरली. पहाटेची फेरी गाठायला रात्री धक्क्यापाशीच मुक्काम करायचा होता. आजीला म्हटलं, जाते. तिने "बरं" म्हटलं आणि पाती चिरत राहिली.

पुढच्या गावात पाऊल टाकलं आणि शंख वाजला. रस्त्याकडेचा एक उंच गडी म्हणाला, "टेका आता, ताई." मी एका अनोळखी घराच्या कट्ट्यावर बसले. आत घरची माणसं गात होती आणि मला करायला काही नव्हतं. चिली आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे फक्त तू आलास, आणि चटईचा तो कोपरा, जिथे मी पाती अर्ध्यावर सोडून आले होते. लॅकलन, आपण एवढं जग पाहिलं, पण कुठे पोचलो नसतो तर कुणाच्या ध्यानात आलं असतं? गाणं संपल्यावर घरच्या बाईने भाजलेला नीरफणस पुढे केला. "कुणाच्या घरची गं तू?" तिने विचारलं. सेफिनाच्या घरची, असं माझ्या तोंडून निघून गेलं. "मग अशा वेळी बॅग घेऊन उलट्या दिशेला कुठे?" नीरफणस खाल्ला आणि मागे फिरले.

घरी सगळ्यांची जेवणं झाली होती. आजी म्हणाली, "ताट झाकलंय. अळू गार झालं असेल." मी परत येणार हे तुला कसं कळलं, असं मी विचारलं. "मला कुठलं कळायला? घरचं माणूस बाहेर असलं की ताट झाकतात." गार अळू खाताना मी रडले.

तर मी येत नाही. माझी जागा सोडून दे. तू मला आवडतोस, त्यात काडीचाही फरक पडलेला नाही, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. तुझा इथे राहिलेला बोजा, मी मागून येताना आणीन म्हणून तू बांधलास तसाच मी ठेवला होता. तो काल सोडला. त्यातला तुझा रेनकोट घालून आजीचा लेक मासे धरायला गेलाय, आणि तुझ्या बुटात कोंबडी बसलीय, तिला उठवायची आजीची परवानगी नाही. आता एकच विचारायचं आहे, त्यासाठीच हे एवढं लिहिलं. तुझं पत्र आल्यापासून आजी संध्याकाळी एक ताट जास्तीचं काढते आणि ते हातात धरून माझ्याकडे बघते. तू वाटसरू होतास की बाहेर गेलेलं घरचं माणूस आहेस? सावकाश विचार कर, पण खरं कळव, म्हणजे ते ताट झाकायचं की फळीवर ठेवायचं ते मी तिला सांगेन.

तुझीच,
थिया