दहा हातांची दोरी

धाकट्या,

तुझा हात मी मोडला, हे गावाने पाहिलं. तू खाली पडल्यावरही मी फावड्याचा दांडा दुसऱ्यांदा उचलला, हेही पाहिलं. हाड मोडल्याचा आवाज मात्र आपल्या दोघांनाच ऐकू आला असेल.

नियम आपण सगळ्यांनीच केला होता. माती वाहून जाऊ नये म्हणून ओढ्याकाठी दहा हात गवत राखायचं, तिथे नांगर घालायचा नाही. मोजणीचं काम गावाने माझ्याकडे दिलं आणि माझ्या दोरीने तुझा पट्टा वीतभर कमी भरला. "दादा, दोरी परत बघ," एवढंच तू म्हणालास. चारचौघांत मला खोटं पाडतोस, म्हणून माझं टाळकं सरकलं. तुझा उभा मका मी विळ्याने कापत सुटलो, तू आडवा आलास आणि मी विळा टाकून बांधावरचं फावडं उचललं.

काल टेप लावून दोरी तपासली. तुझ्या शेतात येण्याच्या आदल्या दिवशी चिखलात रुतलेली म्हैस मी याच दोरीने ओढून काढली होती. दोरी चांगली हातभर ताणली गेली आहे. म्हणजे तू वीतभर जास्तच सोडलं होतंस. मोजायला मी येणार, हे तुला ठाऊक होतं ना.

तुझ्यानंतर आणखी तिघांचं पीक मी कापलं. एकाचे दात पाडले. आता माझ्या भीतीने लोक बारा बारा हात सोडतात आणि गवत गुडघ्याला लागतंय.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या खालच्या शेतांची मोजणी आहे. दोरी बदलली तर लोक कारण विचारतील, म्हणून तीच खांद्यावर टाकून निघेन.

तुझा,
दादा