हळदीच्या फ्लेक्सवरचं ‘डॉ.’

पनवेल,
५ मार्च २०२५

ती. रंभाआत्यास,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्या वाटतात, म्हणून पुन्हा कागद. प्रणितदादाच्या हळदीत तू नाचलीस तो व्हिडिओ सगळे अजून बघतात. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या आत्या त्या ह्याच का, असं नवी वहिनी दिपिका विचारत होती.

आता रडगाणं. माझ्या पीएचडीवर गदा आली आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला रोज कॉलेजात हजेरी लावावी लागते. माझ्या संशोधनासाठी खाडीत कालवं गोळा करायला जायचं तर आधी गाईड सरांची सही घ्यायची, म्हणजे तो दिवस कामाचा धरतात. रजा वेगळी, आणि माझी या वर्षाची रजा आईच्या आजारपणातच संपली. आई गेली म्हणून वर्षाच्या आत दादाचं लग्न उरकणं भाग होतं, नाहीतर तीन वर्षं थांबा. हळदीसाठी मी रजा मागितलीच नाही. पौर्णिमेची मोठी ओहोटी होती. सही घेऊन पहाटे खाडीत उतरले, कालवांच्या बरण्या भरल्या, त्यांवर तारीख घातली आणि संध्याकाळी आंघोळ करून मांडवात आले. खाडी आपल्याच दारातली, त्याला मी काय करू?

पण बाबांनी जासई नाक्यावर भला मोठा फ्लेक्स लावला होता. नवरानवरीच्या वर माझा फोटो, खाली ‘डॉ. कीर्ती’ आणि ठळक अक्षरांत हळदीची तारीख. सर राहतात द्रोणागिरीला. ट्रेलरच्या रांगेत त्यांची गाडी नेमकी त्याच्यासमोर अडकली. पदवीआधी डॉक्टर कशी झालीस आणि कामाच्या दिवशी हळदीत काय करत होतीस, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी बरण्या दाखवते म्हणाले, पण ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. आता प्रकरण समितीपुढे गेलं आहे.

बाबांना यातलं काही कळवू नकोस. लोभ आहे तसाच ठेव, यापुढे तो जास्त लागेल.

तुझी,
कीर्ती


रेवस,
१३ मार्च २०२५

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यावर घास उतरला नाही. दिपिकाला सांग, मी माझ्या वाट्याचं नाही, तुझ्या आईच्या वाट्याचं नाचले.

तुझा बाप काशीराम माझा धाकटा भाऊ, त्याला मी चांगली ओळखते. फ्लेक्सवाल्याने त्याला हटकलंही होतं, की मुलगी अजून शिकते ना. तर हा त्याला म्हणाला की आमची पोर डागदरच हाय, कागद तेवरा यायचा बाकी हाय. लग्न ठरलं की मुलीला नवरी म्हणतात, मग डॉक्टरकीला बसलेल्या मुलीला डॉक्टर का नाही, एवढाच त्याचा विचार. त्याचा रागही येत नाही मेल्याचा.

तू समितीपुढे ताठ उभी राहा, पण बोलताना जीभ आवर. ती माझ्यावर गेली आहे. तुझे सर मासे खात असतील तर वाळवलेल्या कोळंबीचे सोडे पाठवते. खात नसतील तर त्यांच्यापुढे माझाही इलाज नाही.

बाबांना कळणार नाही. जेवत जा, आणि माझा जीव टांगणीला आहे हे लक्षात ठेवून लवकर लिही.

तुझी,
रंभाआत्या


पनवेल,
९ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोडे पाठवू नकोस. माझी नोंदणी रद्द झाली.

बरण्या नेल्या होत्या. त्यांच्यावरच्या तारखा तुझ्याच अक्षरात आहेत, त्या कशा मानायच्या, असं समितीतल्या एका बाईंनी विचारलं. मग एकाने माझा घरचा पत्ता वाचला आणि कालवं कुठून आणली ते वाचलं. दोन्हीकडे आपलंच गाव. त्यावर ते म्हणाले की ही मुलगी कामाच्या नावाखाली घरीच जाते. सरांनी सह्या केल्या होत्या, तरी ते खाली बघत राहिले. खाडीचे सगळे दिवस गैरहजेरीत गेले आणि हजेरी कमी भरली. मी आवरली तुझी जीभ. नसती आवरली तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पुन्हा नोंदणी करायची तर परत प्रवेश परीक्षा, परत मुलाखत, आणि सर निवृत्त होणार म्हणून त्यांच्याकडे जागा नाही. दुसरे कोणी मला घेणार नाहीत, त्यांनीही तो फ्लेक्स बघितला आहे. माझं कपाट रिकामं करायला सांगितलं. बरण्या आता खोलीत पलंगाखाली आहेत. मला फार अपमान वाटला, आत्या. आई गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बाबांना तू सांग. माझ्याने होणार नाही. एवढं काम कर आणि मला पदरात घे.

तुझी,
कीर्ती


रेवस,
२१ एप्रिल २०२५

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या घरी जाऊन आले. सांगायचं ठरवूनच खाडीपार नेणाऱ्या तरीत बसले होते.

काशीराम ओट्यावर जाळं विणत होता. नाक्यावरचा फ्लेक्स उतरवून आणला आहे. प्रणित-दिपिकाच्या बाजूचा भाग होडीवर अंथरला आहे. तुझ्या फोटोचा, ‘डॉ. कीर्ती’सकट, तुकडा मात्र कापून, धुऊन, आईच्या फोटोशेजारी भिंतीवर ठोकला आहे. मी त्याच्याकडे बघते आहे हे पाहून तो म्हणाला की कीर्तीचा कागद येल तवा नवा छापाचा नाय, नाव तेच हाय. मग मलाच विचारलं, की तो कागद फ्रेम करायला पनवेलला द्यावा की उरणला.

मी उरण म्हटलं. चहा घेतला आणि परत आले.

माझ्यावर रागावू नकोस. बरण्या घेऊन इकडे ये, पलंग माझ्याकडेही आहे.

तुझी,
रंभाआत्या