आजाऱ्यांतलं एक नाव

६ ऑक्टोबर १९५७, रविवार

कडूबाकाकांनी आज कहर केला! देवळात रविवारच्या उपासनेला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं काम त्यांचं. डोळे मिटायचे आणि तोंडपाठ नावं घेत जायचं. लक्ष्मीबाईंचा दमा, सांडूचा पाय — आणि मग, "बापा, आमच्या मास्तरीणबाईच्या दानीएलचा घसा मोकळा कर. लेकराला श्वास घिऊ दे."

माझा दानू श्रावणात गेला. घटसर्पानं. काकांनी स्वतः पेटीला खांदा दिला होता! मी उठले, पायात चप्पल सरकवली आणि तडक घरी आले.

दानू गेल्यापासून हे देवळाची पायरी चढत नाहीत. रविवारीसुद्धा मशीन चालू — गुलमंडीच्या दुकानाचे कपडे शिवायचे. मी संतापून सांगायला लागले तसं मशीन थांबलं. "काय म्हणले? परत सांग." सांगितलं. "तसं नाय. जसंच्या तसं सांग." तेही सांगितलं. मशीन पुन्हा सुरू. माणूस आहे की दगड!

७ ऑक्टोबर

काका करमाडहून माफी मागायला आले. दारातच उभे, फेटा हातात. "सलाम, बाई. रोज मागून मागून जिभेला सवय पडली व्हती. आता नाय चुकायचो." मी चहासुद्धा विचारला नाही. म्हातारा उन्हातून तसाच परत गेला. वाईट वागले मी.

पण काय करू? देवा, बायबलातल्या त्या दानीएलसाठी गुहेतल्या सिंहांची तोंडं बंद केलीस ना? मग माझ्या दानीएलचा एवढासा घसा उघडा ठेवायला काय झालं होतं तुला? पाळकसाहेब म्हणतात, "बाई, त्याच्या इच्छेपुढे —" इच्छा! सात वर्षांच्या पोराचा गळा दाबायची? पेटीवर माती पडली त्या दिवसापासून मी आमेन म्हटलेलं नाही. ओठ मिटून बसते. कुणाच्या लक्षात येत नाही.

९ ऑक्टोबर

शाळेत नेमका सिंहांच्या गुहेचा धडा आला. पोरींना म्हटलं, पान उलटा.

१३ ऑक्टोबर, रविवार

देवळात गेले. का गेले, देव जाणे — असं लिहिते आणि त्याच्याशीच भांडते!

लक्ष्मीबाई झाल्या, सांडू झाला. काका थांबले. मग पुढचं नाव घेतलं. चुकले नाहीत. आणि मला रडू फुटलं! चुकायला हवे होते. जीव कानात आणून बसले होते मी, ते आत्ता कळतंय.

कुणीच त्याचं नाव घेत नाही. शेजारच्या जोहरानं आपल्या फारूखला दटावलंय, "बाईके सामने उसका नाम नक्को ले." हे तर 'दानूची पाटी' म्हणत नाहीत, 'ती पाटी' म्हणतात. सगळे मला जपतात. जपता जपता लेकराला दुसऱ्यांदा पुरलं. एकट्या काकांच्या तोंडी तो अजून होता — आजारी का असेना, होता!

घरी आले. यांनी मान वर न करता विचारलं, "घेतलं का आज?"

"नाही."

दोरा तुटला. यांना काही केल्या सुई ओवता येईना. मी ओवून दिली.

१६ ऑक्टोबर

देवा, उत्तर देऊ नकोस हवं तर. मी विचारणं सोडणार नाही, तू गप्प बसणं सोडू नकोस. पण एकदा त्याला कुणीतरी हाक मारू दे. माझ्या तोंडून निघत नाही. आज हे बाहेर गेल्यावर भिंतीकडे तोंड करून हाक मारून पाहिली. 'दा'च्या पुढे घसा धरतो.

यांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

२० ऑक्टोबर, रविवार

देवळात लक्ष्मीबाई झाल्या, सांडूचा पाय झाला. काका थांबले — मागच्या वेळी थांबले तिथंच. आणि मागून, दाराजवळून आवाज आला, "दानीएल."

यांचा आवाज! सदऱ्यावर दोऱ्यांचे तुकडे तसेच.

काकांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "व्हय, बापा. दानीएल." पुढं काय मागावं, ते त्यांना सुचलं नाही. सगळे आमेन म्हणाले.

मीपण.