मापाची पँट

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा, चालणं सुरू आहे ना? आणि मी हो हो करून फोन तुझ्या आईच्या हातात कोंबला. तुला वाटलं असेल, म्हातारा लबाडी करतोय. तसं नाही गं. तुझी आई शिवणयंत्रावर असली तरी तिचे कान आपल्याकडेच असतात, आणि मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. माझ्या डोक्याचा पार गुंता झालाय.

बस चालवताना घेरी आली आणि मी गाडी कडेला घेतली, तेव्हापासून मी डेपोतल्या कोंदट खोलीत बसून दुसऱ्यांना गाड्यांच्या किल्ल्या देतो, हे तुला माहीत आहे. साखर आणि वजन उतरवा, मग स्टिअरिंग परत, असं कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पुढच्या महिन्यातली तपासणी शेवटची. त्यात नापास झालो तर निवृत्तीपर्यंत किल्ल्याच. कालची पोरं माझी गाडी बाहेर काढतात, गिअर खरडवतात, आणि मी आतून ते ऐकतो. मला माझी गाडी परत हवी आहे.

सुरुवात तर मी झोकात केली होती. बिनसाखरेचा चहा, अर्धा भात, पहाटे तळ्याला फेरी. पण नव्याचे नऊ दिवस. पाय मुरगळला, घरी बसलो, आणि बसल्या बसल्या तोंड सुरू झालं. पाय बरा होऊन पुन्हा चालायला लागलो तर खोकल्याने धरलं. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एक दिवस डेपोत निघताना पँटचं बटण लागेना. श्वास रोखून पाहिला, आडवा होऊन पाहिलं. शेवटी पँट भिरकावली, हे आपल्याच्याने होणार नाही म्हणून तुझ्या आईवरच ओरडलो, आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच बिस्किटांचा डबा रिकामा केला. तिने पँट उचलून घडी घातली.

त्यानंतर काही दिवसांनी तीच पँट अलगद चढली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बिस्किटं खाऊनही शरीर ऐकतंय म्हटल्यावर हुरूप आला आणि मी पुन्हा तळ्याला जाऊ लागलो. आजतागायत जातोय. पँट सैलच होत गेली. आणि इकडे डेपोतला काटा जागचा हलेना. एकदा तर वरच सरकला. मी काट्याला शिव्या घातल्या. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर चढलो, बूट काढले, खिसे रिकामे केले. आकडा तोच. आमचा मेकॅनिक म्हणाला, गाडी एक सांगते आणि मीटर दुसरंच सांगतो, तेव्हा कुणीतरी वायरिंगला हात लावलेला असतो.

मी हसण्यावारी नेलं. मग रविवारी वाळलेले कपडे काढताना माझी निळी पँट हातात आली. मागच्या शिवणीला लागून गडद निळी पट्टी. बाकीची पँट धुऊन धुऊन फिकी पडलेली, आणि ही पट्टी कालच विकत आणल्यासारखी कोरी. कडेने जुन्या टाक्यांची भोकं. पाठीमागे असल्यामुळे मला कधी दिसलीच नाही. उरलेल्या पँटी काढून पाहिल्या. सगळ्यांची तीच गत, शिवण उसवून आत दाबलेलं जादा कापड बाहेर सोडलेलं.

आता तूच सांग, मी काय समजू? तिला माझी दया आली? की मी पुन्हा डबा रिकामा करू नये म्हणून तिने मला असं ढकलत नेलं? की मी गाडीवर परत जाऊच नये, घेरीची धास्ती नको, असं तिच्या मनात आहे? राग येतो, कारण पँट सैल आहे म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होतो. आणि राग टिकतही नाही, कारण ती पँट सैल झाली नसती तर मी केव्हाच चालणं सोडलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम लोळत पडलो. मग उठलो आणि गेलो. का गेलो ते मला माहीत नाही.

तर माझं एक काम कर. पुढच्या आठवड्यात तू येशील तेव्हा तिला म्हण, बाबांना तपासणीसाठी माझ्याकडून एक नवी पँट शिव, पण टेप लावून, मापाने. घरच्या माणसाला टेप लावायची वेळ आली तर मी शिंपीण कसली, असं म्हणून ती उडवून लावेल. लग्नापासून तिने मला एकदाही टेप लावलेला नाही. तू हट्ट धर, तुझा हट्ट ती मोडत नाही. मी सांगितलं तर तिला कळेल की मला कळलंय, आणि तिचं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही. तिने माझ्या कमरेला टेप घालावा आणि येईल तो आकडा मोठ्याने वाचावा. मग आम्ही दोघं मिळून तिथूनच सुरुवात करू. आत जादा कापड ठेवू नकोस, असंही तिला सांगायला लावणार होतो. पण राहू दे. थोडं ठेवू दे तिला.

तुझाच,
किल्लीवाला बाबा