न फुटणारा पुकु

३ सप्टेंबर १९९०
आजपासून मी क्योतोत, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत. आईने विचारलंच, इतकं शिकून तिथे दिवसभर उड्या मारणार का. टेबल मात्र खिडकीजवळ मिळालं. शेजारी कुसुमोतो-सान, आमचे मुख्य चित्रकार. चौथ्या टप्प्यात तरंगणारा पुकु त्यांचाच. फुग्यासारखा गोल, डोळे मिटलेले. हळूहळू फुगतो, हळूहळू आकसतो. नाव ठेवलंय त्यांच्या सात वर्षांच्या मिचिरुने. पोरगी दम्याने सारखी दवाखान्यात असते. गेम तपासणाऱ्या निशिवाकीबाई म्हणाल्या, याला बघून आपल्यालाच जांभई येते.

५ ऑक्टोबर
संध्याकाळी गेम कारखान्यात जायचा, आणि सकाळीच निशिवाकीबाईंची चिठ्ठी : डोक्यावर उडी मारली तरी पुकु फुटत नाही, बाकीचे सगळे शत्रू मरतात, हा काय आपला जावई लागतो का. कुसुमोतो-सान दवाखान्यात. दुरुस्तीला त्यांचा शिक्का लागतो, पण किरकोळ कामांसाठी तो उघड्या खणातच असतो, सगळेच उमटवतात. मीही उमटवला. प्रोग्रॅमच्या दोन ओळी बदलल्या. बाईंनी पुकु तीनदा फोडून खात्री केली, चिठ्ठीवर वेळा लिहिल्या. साहेबांनी पाठ थोपटली. जाम खूश आहे मी.

८ ऑक्टोबर
कुसुमोतो-सान आले, दाढी वाढलेली. म्हणाले, शुक्रवारी मिचिरुचा श्वास तीनदा थांबला. अकरा वीसला, दोन पाचला, चार चाळीसला. नर्सने लिहून ठेवलंय.
मी चिठ्ठी काढून पाहिली. अकरा वीस, दोन पाच, चार चाळीस.

९ ऑक्टोबर
सांगून टाकलं त्यांना. तेव्हा त्यांच्याकडून कळलं, पुकुचं फुगणं म्हणजे झोपलेल्या मिचिरुचा श्वास, खाटेशी बसून घड्याळावर मोजलेला. म्हणून त्यांनी तो फुटणारा केलाच नव्हता. वाटलं, थोबाडीत देतील. त्यांनी मला चहा ओतून दिला आणि म्हणाले, शिक्का तर माझाच होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
दोघांनी साहेबांपुढे कमरेत वाकून विनवलं. ते म्हणाले, एका फुग्यापायी दोन लाख कॅसेट थांबवू का. कारखाना सुरू झालाय.

१८ नोव्हेंबर
सहा आठवडे पुकुला कोणी हात लावलेला नाही. मिचिरु घरी आलीय, टुणटुणीत. मला दादा म्हणते. भाजलेल्या रताळ्यातला मोठा तुकडा मला दिला. मी तो परत तिच्याच हातात ठेवला. कुसुमोतो-सान नुसते तिच्याकडे बघत होते.

२२ डिसेंबर
उद्या रविवार, सुट्टी. उद्याच विक्री. चार दुकानं हिंडलो, विकू नका म्हणून. एकाने वेड्यात काढलं. एकाने हाताला धरून बाहेर — पोरं आत्तापासून रांगेत. किती खुशीत आहेत.
माझा दीडशहाणपणा. फक्त माझा.

२३ डिसेंबर
कुसुमोतो-सानांकडे. त्यांनीच बोलावलं.
दहाला दुकानं उघडली. घरी जायला दहा मिनिटं. चलाख पोराला चौथ्या टप्प्यापर्यंत पंधरा —

दहा वीस. मिचिरु बाबांच्या मांडीवर. विचारते, मुलांना माझा पुकु आवडेल ना.
हो म्हणालो. खूप आवडेल म्हणालो.

दहा पंचवीस. डोळे मिटलेत तिने. बाबांचा हात तिच्या छातीवर. मी मोजतोय.
फुगते. आकसते.
फुगते. आकसते.
फुगते —