‘पोचलं’ नावाचं फोल्डर

अण्णा, तुम्ही कामाला होता त्या रोपांच्या नर्सरीच्या मालकांचा परवा फोन आला. ऑफिसचे मेल दुसरीकडे हलवतायत, तुमचं खातं सात वर्षं तसंच पडून आहे, शनिवारी बंद होईल, हवं ते उतरवून घे म्हणाले. मी नेमका नाशिकमध्ये होतो, जे क्वचितच घडतं. लॅपटॉप काढला. मेल उतरवायचा एक प्रोग्राम आहे, त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत टाइप करून हुकूम द्यायचा. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत दोन बाजू लिहायच्या, दूरची आणि जवळची. दूरची तुमची, ऑफिसच्या सर्व्हरवरची; जवळची माझी, लॅपटॉपवरची. मग तो दोन्हींचा मेळ घालतो.

तुमचं ऑफिस आठवलं. पत्र्याची शेड, ओल्या कोकोपीटचा वास, तुम्ही एका बोटाने टाइप करताय. रोपांची गाडी सायखेड्याला उतरली असा फोन आला, की त्या शेतकऱ्याचा मेल ओढून ‘पोचलं’ या फोल्डरमध्ये टाकताय. मी शेजारच्या खुर्चीत गरागरा फिरतोय. “एका जागी बस की रे जरा,” तुम्ही मान वर न करता म्हणता, “खुर्चीला बी चक्कर आली.”

बसलो नाहीच. परवाही तेच. मेल उतरल्यावर ‘पोचलं’ उघडलं तर नुसत्या टोमॅटोच्या आणि ढोबळीच्या ऑर्डरी. वरवर पाहिलं, काय करायचंय याचं म्हणून लॅपटॉपवरून त्यातलं सगळं पुसलं, आणि काळ्या खिडकीला बरा रंग शोधत तासभर भलतीकडेच गेलो. मग पुन्हा तोच हुकूम दिला. सेटिंग कुठूनतरी उचललेलं होतं, ओळी वाचल्या नव्हत्या. इकडे पुसलेलं तिकडेही पुसायचं, असं त्यात लिहिलं होतं; ‘पोचलं’ तिकडूनही गेलं. मेळ घालणं म्हणजे जपून ठेवणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी तेव्हा काही वाटलं नाही. संध्याकाळी तुम्ही पाठवलेले मेल वाचायला घेतले, तेव्हा त्यात मला लिहिलेली उत्तरं निघाली. मी भूजहून, गोकर्णहून, कुठून कुठून एकेक ओळ टाकायचो, पोचलो म्हणून. प्रत्येकीला तुमचं उत्तर एकच: ‘मेल मिळाला. पोचलं मध्ये ठेवला. जेवलास का?’ म्हणजे मी त्या टोमॅटोंमध्येच होतो. माझं तेव्हाचं खातं केव्हाच बंद पडलंय. मालकांना फोन केला, दुसरी प्रत असेल का विचारलं. ते म्हणाले, “जे व्हतं ते तेवढंच व्हतं बाबा.” आता उत्तरं आहेत, ज्यांची ती उत्तरं ते मेल नाहीत.

सगळ्यात शेवटचं उत्तर तुम्ही दवाखान्यातून, फोनवरून दिलेलं. मी लिहिलं होतं, नाशिकला पोचलो, सकाळी येतो. तुम्ही लिहिलंय: ‘पोचलं मध्ये ठेवला. सावकाश ये.’ अण्णा, मी तेव्हा घोटीला होतो, मित्राच्या खोलीवर पत्ते खेळत. तासाभराचा रस्ता. तिसऱ्या दिवशी निघालो आणि तुम्ही गेल्यावर पोचलो.

हे पत्र मी जवळच्या बाजूला ठेवतोय, नुसतं मसुदा म्हणून. आता तो हुकूम द्यायचा नाही, शनिवारी दूरची बाजूच राहणार नाही. एवढंच सांगायचं होतं, की बाकीच्यांबरोबर तो घोटीचा मेलही पुसला गेला हे लक्षात आलं, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं.