पोतं न उसवता

अण्णा, आज तीर्थपुरीहून एक मुलगी तपासायला आली होती. अंगावर तुमच्यासारखेच चहाच्या रंगाचे डाग, मानेवर बारक्या मऊ गाठी, आणि उजव्या कोपराखाली एक लिंबाएवढी. ब्लाउज शिवते. सोबत आई, तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून, कारण सोनोग्राफीच्या दारात लग्नाची पोर घेऊन बसलं की बघणाऱ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. "चरबीची गाठ हाय म्हणले, मॅडम. उद्या काढायची म्हणून राह्यले," आई म्हणाली. मुलीनं एवढंच विचारलं, "माझे बोटं चालतीन ना?"

चरबीची गाठ! तुमच्या हातातल्या गाठीलाही हेच नाव दिलं होतं. धान्याच्या मोंढ्यात तुमचा तळवा म्हणजे शेवटचा शब्द. बंद पोत्यावर हात दाबून तुम्ही सांगायचात, सोयाबीन कुठं ओलं आहे, आणि शेठ दुसऱ्या कुणाला विचारायचे नाहीत. एकदा मी पोत्याची शिवण ओढली तर केवढे ओरडलात, "उसवायची एवढी जल्दी कशाला? आधी हात फिरव, मंग बोल." आणि तुमचा हात मात्र डॉक्टरांनी आधी नीट न बघताच उसवला. गाठीबरोबर संवेदनेची नस गेली. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना पुन्हा कधी काही कळलं नाही. शेठनी तुम्हाला वजनकाट्यावर बसवलं, तुम्ही मुकाट्यानं बसलात. त्याचा मला अजून राग येतो.

आज मी तुमच्याच पद्धतीनं गेले. जेल लावलं आणि प्रोब मनगटापासून हळूहळू वर सरकवत राहिले. पडद्यावर नस दिसतेय, मधाच्या पोळ्यासारखी ठिपक्याठिपक्यांची. ती गाठीत शिरते आणि वरच्या टोकानं बाहेर पडते. म्हणजे चरबी नाहीच, गाठ नसेचीच. तिथूनच त्या डॉक्टरांना फोन लावला आणि उद्याचं ऑपरेशन थांबवलं. आईला समजावलं, हा डागांचा आणि गाठींचा आजार जन्मापासूनचा, हात लावल्यानं कुणाला होत नाही. दर सहा महिन्यांनी गाठ मोजू, आणि काढायची वेळ आलीच तर नसांच्या सर्जनकडेच जायचं. रिपोर्टवर सही करताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. मोंढ्यातल्या माणसाची लेक आहे मी.

शेवटी मुलीला माझी दोन बोटं दाबायला सांगितली. कचकचून दाबली तिनं. तपासणी संपली तरी मी हात सोडला नाही.

हा कागद ड्रॉवरमध्येच राहणार, म्हणून सांगून टाकते. ऑपरेशननंतर बाजारातून जाताना मी तुमची तीच दोन बोटं धरायचे आणि मधेच हळूच सोडून द्यायचे. तुम्ही मान वळवून बघेपर्यंत तुम्हाला कळायचं नाही. मला तो खेळ वाटायचा, अण्णा. आणि तुम्ही दर वेळी हसायचात.